अडवलेला नारळ आणि ग्रीकांचा राजा

महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त सुजाण नागरिकांस, त्यांच्या मुंबईकर नातलगांस, आणि विशेषतः जे कुठल्यातरी मंडळाचे अध्यक्ष आहेत त्यांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की प्राचीन ग्रीसमध्ये ज्या जातीचे राजे कोसळत असत, त्या जातीचा एक राजा गेल्या चैत्रात पोलादपूरच्या वरच्या अंगाला, तीस-पस्तीस उंबऱ्यांच्या एका वाडीत, भर दुपारी कोसळला. त्याचा आवाज खाली महाडच्या बाजारपेठेत पोचला नाही. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलेल्यांनाही ऐकू गेला नाही. मी मात्र जागेवर हजर होतो आणि मला फार चांगली जागा मिळाली होती.

माझं महाडात चष्म्यांचं दुकान आहे. या धंद्यानं मला संशयाची सवय लावली. माणसं डोळे तपासायला येतात आणि तिथंही खोटं बोलतात. बाकावर बसून आधीच्या गिऱ्हाइकाची अक्षरं ऐकून ठेवतात आणि आपली पाळी आली की दिसत नसलेली ओळ खणखणीत म्हणून दाखवतात. यात कुणाला फसवलं ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून मी कुणाचंही पहिलं वाक्य खरं धरत नाही, आणि खोटं का सांगू, मला त्यात भारी मजा येते.

दुसरा नाद नाटकाचा. जत्रेच्या आधी महिनाभर मी डोंगरातल्या कुठल्यातरी वाडीत तालमी घेतो. तालीम घेणारा तो मास्तर, अशी इकडची रीत असल्यामुळे दुकानात मी चष्मेवाला आणि घाट चढला की मास्तर.

तर त्या वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष फाल्गुनात माझ्याकडे जवळचा चष्मा करायला आले. साठीचा माणूस, ताठ, मिशा पांढऱ्या, पण चालणं असं की रस्त्यानं बाजूला व्हावं. डोंगरातल्या झऱ्यापासून वाडीच्या टाकीपर्यंत पाइप आणला तो यांनी. शाळेची भिंत बांधली ती यांनी. प्लंबर नको, गवंडी नको, सगळं स्वतःच्या हातानं. वाडी त्यांना मानायची ती यासाठीच.

चष्मा डोळ्यावर चढवून ते म्हणाले, "मास्तर, दरवर्षी तेच सासू-सुनेचं भांडण आणि तोच दारुडा. यंदा मोठं काहीतरी करा. राजाबिजा असलेलं."

माझे कान टवकारले. त्या वाडीत नाटकातल्या राजाचं काम त्यांच्या घराच्या मानाचं. पिढ्यान्‌पिढ्या राजा त्याच घरातला. आणि गेली कित्येक वर्षं नाटकात राजाच नव्हता, त्यामुळे यांना तोंडाला रंग लागला नव्हता.

"ग्रीक पद्धतीचं करू," मी म्हटलं. "त्यात राजा असतो आणि तो पडतो."

"सिंहासनावरनं?"

"मोठेपणावरनं."

त्यांनी विचार केला. "पडल्यावर उठतो ना?"

"नाही."

"मग त्याला बोलायला जास्त द्या."

नाटक मीच लिहिलं. गोष्ट साधी. शत्रूनं नगराला वेढा घातलाय. राजा हुकूम सोडतो, अंधार पडल्यावर दरवाजा कुणासाठीही उघडायचा नाही, उघडेल त्याला नगरात थारा नाही. हुकूम शहाणपणाचा आहे, लोक टाळ्या वाजवतात. आणि त्याच रात्री बाहेरून आवाज येतो तो राजाच्या मुलाचा.

ग्रीकांच्या नाटकात एका बाजूला नगरातल्या जाणत्या माणसांचा घोळका असतो. तो गातो, काळजी करतो, राजाला जपून राहायला सांगतो, आणि हातानं काहीच करत नाही. या कामासाठी मला नट शोधावे लागले नाहीत. देवळाच्या पायरीवर चार म्हाताऱ्या रोज संध्याकाळी तशाही बसत आणि नेमकं हेच करत. मी फक्त त्यांना तोंड प्रेक्षकांकडे करून बसवलं.

पण राजानं पहिल्याच तालमीत घोळ घातला. मुलाची हाक आली आणि अध्यक्ष सरळ जाऊन दरवाजा उघडायला लागले. दरवाजा म्हणजे देवळातली ताडपत्री.

"अहो, उघडायचा नाही!"

"माझा पोरगा बाहेर हाय आणि मी उघडायचा नाय?"

"हुकूम तुमचाच आहे."

"मग मीच मोडतो. राजा हाय ना मी? मला कोण विचारणार?"

मी त्यांना पायरीवर बसवलं आणि समजावलं. राजा दुष्ट असेल तर त्याच्या पडण्याचं कुणाला काही वाटत नाही, लोक म्हणतात बरं झालं. अगदी देवमाणूस असेल तर लोक चिडतात, म्हणतात हा अन्याय आहे. ग्रीकांना हवा असतो मधला माणूस. उंचावर बसलेला, पुष्कळसा चांगला, आणि एक चूक करणारा. ती चूकही कशी, तर ज्या गुणासाठी लोक त्याला हात जोडतात त्याच गुणातून आलेली. हा राजा शब्दाचा पक्का म्हणून मोठा, आणि शब्दाचा पक्का म्हणूनच मरणार. एवढं होऊनही, खरं काय ते कळल्यावर त्यानं पळून जायचं नसतं. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, हे मी केलं. हुकूम आपल्यावर आला की मोडतो तो नुसता साहेब. त्याच्यावर नाटक होत नाही, फार तर तक्रार होते.

चार म्हाताऱ्यांपैकी सर्वांत थोरलीनं विचारलं, "आमी त्याला थांब म्हणतो ना?"

"म्हणता."

"आणि तो?"

"थांबत नाही."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "थांबला तर राजा कसला."

अध्यक्षांना मात्र पटलं नाही. पुढच्या प्रत्येक तालमीत ताडपत्रीकडे त्यांचा हात जायचाच.

आता पाण्याकडे येतो. चैत्र लागला आणि वाडीची टाकी भरेनाशी झाली. पूर्वी सकाळी काठोकाठ असायची ती आता अर्धीच. झरा तर वाहत होता. अध्यक्षांचा संशय लगेच एका घरावर गेला. खालच्या आळीला त्यांचा चुलतभाऊ राहायचा. मुंबईत नोकरी करून परतलेला, बोलण्यात निम्मं हिंदी, आणि नाटकात दरवाजावरच्या पहारेकऱ्याचं काम करणारा. त्यानं त्याच वर्षी नवी न्हाणी बांधली होती.

"शॉवर लावलाय त्यानं," अध्यक्ष मला दबक्या आवाजात म्हणाले. "शॉवर! तो काय कोरडा ठेवायला लावलाय?"

मला हे ऐकून गुदगुल्या झाल्या. मी त्याच दिवशी काहीतरी निमित्त काढून ती न्हाणी बघून आलो. शॉवरखाली कांदे पसरून ठेवले होते. पण तुम्ही म्हणाल तसं मीही म्हटलं, कांदे तर कुणीही पसरू शकतो.

गावकीची बैठक देवळात बसली. अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी हुकूम सोडला. जो कोणी वाडीचं पाणी पळवतोय, त्याच्या घरचा नारळ यंदा जत्रेत घेतला जाणार नाही.

बाहेरच्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण इकडे जत्रेच्या दिवशी पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी ओट्यावर बसते आणि एकेका घराचा नारळ पुढे येतो. अध्यक्ष तो हातात घेतात, देवीला त्या घराचं गाऱ्हाणं मोठ्यानं सांगतात आणि मग नारळ फुटतो. ज्या घराचा नारळ घेतला नाही, ते घर वर्षभर देवीच्या लेखी वाडीत नाही. मुंबईहून पोरंबाळं त्या एका नारळासाठी येतात.

मी हळूच म्हटलं, "अध्यक्ष, वाळीत टाकायला कायद्यानं बंदी आहे."

"वाळीत कोण टाकतंय? बोलायचं, चालायचं, चहा प्यायचा. फक्त नारळ घ्यायचा नाय."

असं म्हणताना त्यांनी चुलतभावाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तो उठला. "दादा, ही एकदम फालतू बात हाय. तू नाव घे ना माझं."

"नाव मी कुणाचंच घेतलेलं नाय. पन यंदा नारळ आणायची घाई करू नकोस."

टाळ्या पडल्या. पायरीवरच्या चौघींनी तेवढ्या वाजवल्या नाहीत, हे मी टिपून ठेवलं. त्यांना काहीतरी ठाऊक होतं. मी प्रत्येकीजवळ जाऊन बसलो, तंबाखूची विचारपूस केली. एकीनंही दाद दिली नाही. थोरली एवढंच म्हणाली, "पानी काय, उतार बघून जातं, बाबा."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं टाकीवर बसून राहिलो. व्हॉल्व्ह बंद, वाडीत थेंब गेला नाही, तरी टाकी भरेना. म्हणजे पाणी टाकीतून जात नव्हतं, ते टाकीपर्यंत येतच नव्हतं. चुलतभावाचा शॉवर टाकीच्या खाली होता. मला वाटलं, आता संशय फिटला.

अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे त्यानं रानात जाऊन वरनंच लाइन फोडलीय. लबाड हाय."

माझा स्वतःचा संशय तोवर चारी दिशांना हिंडत होता. रोज तालमीआधी मी अध्यक्षांच्या घरी चहाला बसायचो. त्यांचं घर वाडीत सगळ्यांत वर, देवळाला लागून. परसात केळींची बाग होती. सगळा डोंगर वणव्यानं काळा आणि उन्हानं पिवळा, आणि मधेच ही केळी अशी हिरवीगार की डोळे निवावेत. अध्यक्ष अभिमानानं दाखवायचे. "देवीची कृपा. या घरावर तिची नजर हाय."

वहिनी, म्हणजे अध्यक्षांची बायको, म्हणायच्या, "मोरीचं पानी जातं हो त्यांना."

घरात माणसं दोन. मुलं मुंबईला, सुना मुंबईला. दोन माणसांच्या भांड्याधुण्यावर एवढी बाग? हे मला पचेना. पण वहिनी प्रत्येक केळीला हात लावून बोलायच्या, पान पुसायच्या, घडाला टेकू द्यायच्या. "पोरं गनपतीला येतात आणि जातात. ह्या इथंच असतात," असं एकदा म्हणाल्या आणि माझ्या हातावर दोन पिकलेली वेलची केळी ठेवली. तोंडात केळं असलं की संशय जरा मऊ पडतो.

तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. येऊ दे. ग्रीकांच्या प्रेक्षकांनाही गोष्ट आधीच पाठ असायची. राजाला कळणार काय, यासाठी ते बसायचेच नाहीत. त्याला कधी कळतं आणि कळल्यावर त्याचं तोंड कसं होतं, ते बघायला ते दगडाच्या पायऱ्यांवर दिवसभर ऊन खात बसायचे.

दोन दिवसांनी दुपारी अध्यक्षांनी कुदळ घेतली. झऱ्यापासून टाकीपर्यंतचा पाइप वणव्यात वितळू नये म्हणून मातीत पुरलेला होता. चोर शोधायचा तर माती उकरत यायला हवं. चार तरुण म्हणाले, आम्ही खणतो. अध्यक्ष म्हणाले, "लाइन मी टाकली, मीच उघडनार." चुलतभावाला मुद्दाम बोलावून शेजारी उभं केलं, म्हणजे भोक सापडलं की त्याच्या नाकासमोर दाखवता येईल.

झऱ्यापासून खाली येताना माती कोरडी. ठिकठिकाणी उकरलं, कोरडी. देवळाच्या मागं कोरडी. मग अध्यक्षांच्या परसाच्या कुंपणापाशी कुदळीचा आवाज बदलला. आधी खणखण येत होता, आता पचकन आला.

अध्यक्ष थांबले. पायरीवरून उठून आलेल्या म्हाताऱ्या कुंपणापलीकडे उभ्या होत्या. थोरली म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे बाबा. उद्या खण."

म्हणजे नाटकातलं वाक्य तिनं नाटकाबाहेर म्हटलं. आणि राजा थांबला नाही.

आणखी दोन घाव घातले आणि पाइपाला जोडलेली टी, म्हणजे बाजूला तिसरं तोंड काढणारा सांधा, दिसली. तिच्या उघड्या तोंडातून पाणी गुळगुळ करत केळींच्या आळ्यांत चाललं होतं, अगदी शिस्तीत.

अध्यक्ष ओळखून चुकले, कारण टी त्यांनीच बसवली होती. तळीये गावावर दरड कोसळली त्या वर्षी, ज्या पावसानं माझ्या दुकानात चष्म्यांच्या फ्रेमा तरंगवल्या त्या पावसात, त्यांच्या घराची मागची भिंत बसली होती. नवी भिंत सिमेंटची घालायची म्हणून गावकीला विचारून त्यांनी तात्पुरतं पाणी घेतलं. काम झाल्यावर टीच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, माती ओढली आणि विसरले. प्लंबर बोलावला असता तर त्यानं पाइप बदलला असता. पण हे सगळं स्वतः करणारे.

"खुंटी कुजली असेल," ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना.

मी वाकून पाहिलं. कुजलेल्या लाकडाचा काहीतरी भुगा राहतो, रबराची पट्टी तर कुजत नाही. तिथं दोन्ही नव्हतं. पण ही वेळ बोलायची नव्हती.

चुलतभाऊ हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. "दादा, चुकून झालंय. माती ढकल. कोन बोलनार नाय." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच अध्यक्ष हवे होते, त्यांच्यावाचून वाडीचं पान हलत नव्हतं. अध्यक्षांनी टीचं तोंड फडक्यानं घट्ट बांधलं, कुदळ खांद्यावर टाकली आणि घरात गेले. त्या संध्याकाळी तालीम झाली नाही.

जत्रेला आठवडा होता. मी महाडला उतरलो आणि संशयानं झोप घालवून बसलो. हा माणूस हुकूम पाळणार की ताडपत्री बाजूला करणार? वाडीतला जो कोणी दुकानात येई, त्याचे डोळे तपासायच्या आधी मी त्याला हे विचारून घेई. एक म्हणाला, अध्यक्ष म्हणतात टी कंपनीनंच खराब दिली. दुसरा म्हणाला, गुरवाकडून परस्पर नारळ फोडून घेणार. पहारेकरी, म्हणजे चुलतभाऊ, स्वतः येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, स्वतःच्या घरचा नारळ कोन अडवतो काय? दादा कायतरी सेटिंग करील. आणि करावी. मला चालेल."

"तुझ्या नारळाचं काय?"

"मी आणनार. नाय घेतला तर परत नेनार. पन आणनार."

जत्रेच्या दिवशी मी सकाळीच वर पोचलो. मुंबईकरांच्या गाड्या देवळापासून वळणापर्यंत लागल्या होत्या. खालूबाजा वाजत होता. पालखी सहाणेवर बसली आणि अध्यक्ष पांढरा सदरा घालून उभे राहिले. पहिला मान त्यांच्याच घराचा. वहिनी ताटात नारळ घेऊन पुढे झाल्या.

अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "खालच्या आळीचा नारळ आणा."

चुलतभाऊ जागेवरून हलेना. त्यालाही संशय आला असावा. "माझा? आधी?"

"आण म्हनतो ना."

त्यानं आणला. अध्यक्षांनी तो दोन्ही हातांत धरला आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, या घरावर मी खोटा आळ घेतला. तो माझ्याकडे धर, या घराकडे धरू नको." नारळ फुटला. मग एकेक करून सगळ्या घरांचे नारळ झाले. ऊन डोक्यावर आलं. वहिनी ताट घेऊन तशाच उभ्या.

शेवटी त्या एकट्याच राहिल्या. अध्यक्षांचा उजवा हात थोडा पुढे आला. मला ताडपत्री आठवली. मी मनात म्हटलं, घे, आता घेतोस की नाही ते बघतो. हात मधेच थांबला आणि पाठीमागे गेला.

"या घरचा नारळ यंदा घ्यायचा नाय," ते म्हणाले. "हुकूम मी दिलेला हाय."

खालूबाजा थांबला. मुंबईकरांनी वर धरलेले मोबाइल खाली आले. पायरीवरून थोरली म्हणाली, "बाबा रे, चुकून झालं ते."

"चुकून झालं, पन झालं."

महिनाभर मी ज्याला उभं राहायला शिकवत होतो तो माणूस, न शिकवता, बरोब्बर उभा राहिला होता. मान ताठ, नजर समोर. माझे हात आपोआप जोडले गेले, आणि हे खरं की खोटं असा मला स्वतःचाच संशय आला. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्या माणसाचं पहिलं वाक्य खरं धरलं होतं.

पण राजाला बोलायला जास्त हवं होतं. तो तिथं थांबला नाही. त्यानं हात वर केला आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आणि वाडीच्या पान्यावर पोसलेली ती केळी उद्या सकाळी मी स्वतःच्या हातानं..."

वहिनींच्या हातातलं ताट खणकन खाली आलं. नारळ गडगडत सहाणेखाली गेला.

"केळींना हात लावायचा नाय! खुंटी मी काढलीय, त्या बिचाऱ्यांनी काय केलंय?"